सरकारी शाळा, तीही ९०० वर्षांची: स्कॉटलंडमधलं हायस्कूल नेमकं असतं कसं

गेल्या महिन्यात पुण्याहून मावशीचा फोन आला होता. गप्पा मारता मारता तिने विचारलं, "अगं मग तुझ्या लेकीची दहावी कधी?" आणि मी उत्तर द्यायला गेले आणि अडकलेच, कारण इथे एडिनबरात दहावीसारखं काहीतरी असतं पण ती आपली दहावी नसते, बारावीसारखं असतं पण ते दोन वर्षं पसरलेलं असतं, आणि हे सगळं फोनवर कसं सांगणार. मग तिने जरा आवाज खाली आणून विचारलं, "आणि शाळा सरकारीच ना?" त्या एका शब्दात किती काळजी भरलेली असते ते आपल्या सगळ्यांना माहितीये.

तर हे तिच्यासाठी लिहितेय, आणि जे कोणी मुलांना घेऊन इकडे यायचा विचार करतायत त्यांच्यासाठी पण. मला मनापासून वाटतं की स्कॉटलंडमधली शाळा समजून घ्यायची असेल तर आधी "सरकारी" हा शब्द डोक्यातून धुऊन परत ठेवायला लागतो.

नावांपासूनच घोळ सुरू होतो. इंग्लंडमध्ये "पब्लिक स्कूल" म्हणजे महागडी खाजगी शाळा, पण स्कॉटलंडमध्ये गावोगावी जुन्या दगडी इमारतींवर "पब्लिक स्कूल" असं कोरलेलं दिसतं आणि तिथे त्याचा अर्थ अगदी सरळ आहे, सगळ्यांसाठीची शाळा. "अकॅडमी" म्हणजे काय, तर पर्थ अकॅडमी ही नगरपालिकेची, फुकट, आणि एडिनबरा अकॅडमी ही फी भरायची. "हायस्कूल"चंही तसंच, एडिनबराचं रॉयल हायस्कूल कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, आणि हायस्कूल ऑफ ग्लासगो खाजगी. म्हणजे पाटी बघून काहीही कळत नाही, विचारायलाच लागतं. आपल्याकडे स्कॉटिश शाळा म्हटलं की मुंबईकरांना माहीमची बॉम्बे स्कॉटिश आठवते, ती १८४७ ची, पण स्कॉटलंडमधल्या बहुतेक मुलांची शाळा म्हणजे घराजवळची कौन्सिलची शाळा, जिथे डॉक्टरचा मुलगा आणि बस ड्रायव्हरची मुलगी एका वर्गात असतात.

मी रॉयल हायस्कूलचं उदाहरण घेते, कारण तिच्या एका गोष्टीत अख्ख्या देशाच्या शिक्षणाची गोष्ट येते. परंपरेने तिची स्थापना ११२८ ची मानतात, राजा पहिला डेव्हिड याने होलीरूडचा मठ वसवला ते साल, आणि त्या मठाशी जोडलेली ही लॅटिन शिकवणारी शाळा. म्हणजे २०२८ ला ९०० वर्षं होतील. आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहून व्हायला तेव्हा अजून दीडशेहून जास्त वर्षं होती, यावरून अंदाज करा. पुढे धर्मसुधारणेच्या धामधुमीत, १५६० च्या दशकात, शाळा मठाकडून शहराच्या कौन्सिलच्या ताब्यात आली आणि तिथून पुढे ती शहराचीच राहिली. राजा सहाव्या जेम्सच्या काळात "रॉयल" नाव लागलं. पण चालवणार कोण, पगार देणार कोण, मास्तर नेमणार कोण, तर शहर.

त्याच काळात धर्मसुधारक जॉन नॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी एक आराखडा लिहिला, १५६० मध्ये, की प्रत्येक चर्चच्या हद्दीत, म्हणजे पॅरिशमध्ये, एक शाळा हवी, गरिबाच्या पोराला पण शिकता यायला हवं. कारण धार्मिक होतं, प्रत्येकाला बायबल स्वतः वाचता यायला हवं म्हणून. पैसे नव्हते त्यामुळे ते लगेच झालं नाही, पण १६९६ ला कायदा आला की प्रत्येक पॅरिशने शाळा काढायची, शिक्षकाला पगार द्यायचा आणि तो खर्च तिथल्या जमीनदारांवर बसवायचा. म्हणून मग खेड्यातल्या शेतकऱ्याचा हुशार मुलगा लॅटिन शिकून थेट युनिव्हर्सिटीत, असं इथे खरंच व्हायचं. सगळ्यांचं व्हायचं असं नाही, मुलींचं तर नाहीच, आणि डोंगराळ भागातल्या गेलिक बोलणाऱ्या मुलांवर इंग्रजी लादली गेली ते वेगळंच. पण "शाळा ही गावाची जबाबदारी" ही गोष्ट इथल्या माणसाच्या डोक्यात तेव्हापासून बसलीये.

आता एक किस्सा, जो ऐकून मी थक्क झाले होते. १५९५ चा सप्टेंबर. हायस्कूलच्या पोरांनी सुट्टी मागितली, कौन्सिलने दिली नाही. तर पोरं खायचं-प्यायचं सामान आणि हत्यारं घेऊन शाळेत घुसली, दारं आतून बंद केली आणि म्हणाली आता या. कौन्सिलचा एक मोठा अधिकारी, जॉन मॅकमोरन, शहरातला बडा व्यापारी, माणसं घेऊन गेला आणि दार ओंडक्याने फोडायला लागला, आणि आतून विल्यम सिंक्लेअर नावाच्या विद्यार्थ्याने पिस्तूल झाडलं. मॅकमोरन जागीच गेला. पोरगा वजनदार घराण्यातला, त्यामुळे शेवटी सुटला. मॅकमोरनचं घर आजही उभं आहे, रॉयल माईलच्या वरच्या टोकाला रिडल्स कोर्ट नावाच्या वाड्यात. आणि इथे आपला धागा असा जुळतो की हाच वाडा तीनशे वर्षांनी पॅट्रिक गेडिसने विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी दुरुस्त करून घेतला, तेच गेडिस जे १९१९ ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, जगता जगता आपण शिकतो. आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना किल्ल्याआधी तिथे नेते.

अठराव्या शतकात शाळेचं नाव झालं ते मुख्यतः एका माणसामुळे, रेक्टर अलेक्झांडर अ‍ॅडम. इथे अजूनही काही शाळांत हेडमास्तरला रेक्टर म्हणतात. अ‍ॅडम लहान शेतकऱ्याचा मुलगा, एडिनबरात शिकायला आला तेव्हा ओटची पेज खाऊन दिवस काढलेले, आणि १७६८ पासून १८०९ पर्यंत, मरेपर्यंत म्हणा ना, हायस्कूलचा रेक्टर. त्याने लॅटिनचं व्याकरण इंग्रजीतून समजावणारं पुस्तक लिहिलं. आज वाटेल यात काय एवढं, पण तेव्हा लॅटिनचं व्याकरण लॅटिनमधूनच पाठ करायची पद्धत होती, म्हणजे जी भाषा येत नाही त्याच भाषेतून तिचे नियम घोकायचे! हाताखालचे मास्तर चिडले, कौन्सिलकडे तक्रारी गेल्या आणि कौन्सिलने त्याच्याच शाळेत त्याच्या पुस्तकावर बंदी घातली. त्याने ते वर्गात शिकवणं सोडलं नाही. मरताना भ्रमात होता, वर्गातच आहोत असं वाटून तो म्हणाला की अंधार पडायला लागलाय पोरांनो, तुम्ही जाऊ शकता. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचे संस्कृतचे सर आठवले आणि बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

अ‍ॅडमच्या विद्यार्थ्यांत पुढे कादंबरीकार झालेला वॉल्टर स्कॉट होता, पायाने अधू असून गल्लीगल्लीतल्या दगडफेकीच्या मारामाऱ्यांत पुढे असणारा, आणि १७९१-९२ च्या सुमाराला आणखी एक मुलगा होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हो तोच, पुण्याचा रेसिडेंट, पेशवाई बुडाली तेव्हाचा, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. पुण्यात विश्रामबागवाड्यात १८२१ ला जी संस्कृत पाठशाळा निघाली ती त्याच्याच काळात, पेशवे दक्षिणा म्हणून वाटायचे त्या पैशातून, आणि पुढे तिचंच डेक्कन कॉलेज झालं. मराठीतून शाळेची पुस्तकं तयार करायला, इथल्या लोकांच्या शिक्षणावर सरकारी पैसा खर्च करायला त्याचा पाठिंबा होता. राज्यकर्ता म्हणून त्याचा हिशोब वेगळा करायला हवा, तो करावाच. पण बारा वर्षांचा असताना तो ज्या बाकावर बसला ती शहराने चालवलेली शाळा होती, एवढं मला महत्त्वाचं वाटतं.

अ‍ॅडमनंतर जेम्स पिलान्स रेक्टर झाला. मोठ्या फळ्यावर रंगीत खडूने नकाशे काढून भूगोल शिकवण्याचं श्रेय त्याला देतात. म्हणजे आपण सगळे ज्या फळ्यासमोर वाढलो त्याच्या गोष्टीत पण ही शाळा येते. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल पण इथलाच, पण त्याचं शाळेत काही खास चमकलं नाही आणि पंधराव्या वर्षी सोडून गेला, हे खास त्या आईबापांसाठी ज्यांचं पोरगं सध्या गणितात चाळीसच्या आसपास रेंगाळतंय.

१८२४ ला शहरातल्या नव्या श्रीमंत वस्तीतल्या लोकांनी वेगळी एडिनबरा अकॅडमी काढली. कौन्सिलला ते लागलं आणि त्यांनी कॅल्टन टेकडीवर हायस्कूलसाठी नवी इमारत बांधली, १८२९ ला पूर्ण झाली, वास्तुविशारद टॉमस हॅमिल्टन. बघितली तर शाळा वाटत नाही, ग्रीक देऊळ वाटतं, खांबच खांब. १९६८ ला शाळा तिथून शहराच्या पश्चिमेला बार्नटनला साध्या इमारतींत गेली, आणि रिकामं देऊळ मागे राहिलं. त्या हॉलमध्ये स्कॉटलंडची विधानसभा भरवायची म्हणून बाकं वगैरे बसवली. १९७९ च्या सार्वमतात ५१.६ टक्के लोकांनी हो म्हटलं तरी एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांनी हो म्हणायला हवं अशी अट होती, ती पुरी झाली नाही, विधानसभा झाली नाही. नंतर १९९२ पासून लोकांनी तिथे गेटसमोर पहारा मांडला, आम्हाला आमची संसद द्या म्हणून, आणि १९८० दिवस तिथून हलले नाहीत, ऊन नाही पाऊस नाही. संसद शेवटी मिळाली, पण ती खाली होलीरूडला नव्या इमारतीत बसली.

आता शाळेच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल कोणता, तर १९६५ नंतरचा. त्याआधी १८७२ च्या कायद्याने ५ ते १३ वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं होतं, पण माध्यमिकला अकरा-बारा वर्षांच्या पोरांची परीक्षा घेऊन हुशार इकडे आणि बाकीचे तिकडे अशी वाटणी चालायची. १९६५ ला सरकारने परिपत्रक काढलं की ही वाटणी बंद, एका भागातली सगळी मुलं एकाच शाळेत. रॉयल हायस्कूल तोवर निवडक मुलांची, थोडी फी घेणारी, फक्त मुलग्यांची शाळा होती. १९७३ ला तिथे मुली आल्या, आणि ती आजूबाजूच्या चार प्रायमरी शाळांतल्या सगळ्या मुलांची शाळा झाली. ग्लासगोच्या हायस्कूलने १९७६ ला दुसरा रस्ता धरला आणि खाजगी झालं. रॉयल हायस्कूल मात्र, जवळजवळ नऊशे वर्षांची प्रतिष्ठा असलेली शाळा, प्रवेशपरीक्षेशिवाय, फीशिवाय, पत्त्यावरून प्रवेश देते. यात तिचं काही कमी झालं असं मला बिलकुल वाटत नाही, उलट मला तीच खरी श्रीमंती वाटते.

तर प्रवेश असा मिळतो. तुमचं घर ज्या शाळेच्या हद्दीत, ती तुमची शाळा. हद्दीबाहेरची हवी असेल तर अर्ज करायचा, जागा उरली तर मिळते. व्हिसावर आलेल्यांच्या मुलांनाही फी नाही. यामुळे चांगल्या नावाच्या शाळेजवळची घरं महाग होतात हे खरंय, आणि एडिनबरात खाजगी शाळांत जाणारी मुलं बाकीच्या स्कॉटलंडपेक्षा बरीच जास्त आहेत हेही खरंय, मी काही स्वर्गाचं वर्णन करत नाहीये.

हायस्कूल सहा वर्षांचं, एस वन ते एस सिक्स, साधारण बारा ते अठरा. वर्ष ऑगस्टच्या मध्याला सुरू होतं. सकाळी साडेआठ-पावणेनऊला शाळा, सव्वातीन-साडेतीनपर्यंत, आणि एडिनबरात शुक्रवारी जेवायच्या वेळेलाच सुटते त्यामुळे शुक्रवारी दुपारी शहरभर टाय सैल केलेली पोरं. आपल्यासारखं एका वर्गात बसून राहायचं आणि मास्तर बदलत राहणार असं नाही, इथे मास्तर खोलीत बसतो आणि पोरं फिरतात, घंटा झाली की अख्खी शाळा जिन्यात. वर्गात पहिली दोन वर्षं जास्तीत जास्त ३३ मुलं, नंतर ३०, आणि लॅब किंवा स्वयंपाक किंवा सुतारकामाला फक्त २०. हो, स्वयंपाक आणि सुतारकाम, मुलगे मुली दोघांना दोन्ही. आमच्या घरी पहिला लाकडी बॉक्स आला तेव्हा त्याच्या बिजागऱ्या उलट्या होत्या, तो अजून शोकेसमध्ये आहे.

वहीला इथे जॉटर म्हणतात, शाळेच्या शिपाईकाकांना जॅनी म्हणतात. वर्गशिक्षकासारखा एक गाइडन्सचा शिक्षक असतो जो बऱ्याचदा सहाही वर्षं तोच राहतो. घरात कोणी आजारी आहे, मैत्रिणींशी वाजलंय, झोप येत नाही, सगळं त्याच्याकडे. मुलींसाठी पॅड शाळेत फुकट मिळतात, २०१८ पासून, कोणाला विचारायला लागत नाही. २२ वर्षांखालच्या सगळ्यांना बस फुकट, २०२२ पासून. दुपारच्या जेवणाला कँटीन असतं पण मोठी पोरं बाहेर चिप्स किंवा सँडविच आणायला सुटतात, ते बघून आपला जीव तुटतो कारण डब्यात पोळीभाजी दिलेली असते.

मारणं नाही. पण हे फार जुनं नाहीये. इथे चामड्याचा पट्टा होता, टॉझ, टोकाला चिरलेला, फाइफमधल्या लॉकगेली गावात बनायचा आणि हातावर बसायचा. दोन आया हे प्रकरण युरोपच्या मानवी हक्क कोर्टापर्यंत घेऊन गेल्या, १९८२ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि १९८७ पासून सरकारी शाळांत तो कायद्याने बंद झाला. आमच्या शेजारच्या आजोबांना विचारलं तर ते नुसता तळहात पुढे करून दाखवतात.

आता मावशीची दहावी. एस फोरला, म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी, नॅशनल फाइव्ह नावाच्या परीक्षा, साधारण सहा-सात विषय. इंग्रजी आणि गणित बहुतेक सगळ्यांना, बाकीचे स्वतः निवडायचे. त्यात मॉडर्न स्टडीज नावाचा एक विषय असतो, राजकारण आणि समाज मिळून, तो स्कॉटलंडचा खास आहे. एस फाइव्हला हायर्स, साधारण पाच विषय, आणि युनिव्हर्सिटीला हेच मुख्य. एस सिक्सला हवं तर अ‍ॅडव्हान्स्ड हायर्स किंवा राहिलेले हायर्स परत. म्हणजे पाचव्या वर्षी एखाद्या विषयात घसरलं तरी सहाव्या वर्षी अजून एक संधी असते, आणि सोळाव्या वर्षानंतर शाळा सोडून कॉलेजला किंवा कामाला जायचं तर तेही चालतं. ग्रेड मिळते, साधारण ७० टक्क्यांच्या वर ए, ५० ला सी. मेरिट लिस्ट पेपरात छापत नाहीत, चौकात फ्लेक्स लागत नाहीत. हिवाळ्यात सराव परीक्षा, खरी परीक्षा एप्रिलअखेर ते मे, निकाल ऑगस्टच्या सुरुवातीला. स्कॉटलंडमध्येच कायम राहणाऱ्या मुलांना इथल्या युनिव्हर्सिटीत फी पण नाही, मात्र व्हिसावर असाल तर ते नियम आधी नीट तपासा, तिथे बऱ्याच लोकांचा गैरसमज होतो.

ताण नसतो असं नाही. मे महिन्यात माझ्या मुलीचं तोंड पण बारावीच्या पोरांसारखंच उतरलेलं असतं. पण परीक्षा संपली की जूनमध्ये घरी बसायचं नाही, परत शाळेत जाऊन पुढच्या वर्षाचं वेळापत्रक सुरू करायचं आणि मग जूनअखेर सुट्टी. हे मला कळायला दोन वर्षं लागली, पहिल्या वर्षी मी भारताची तिकिटं चुकीच्या तारखेची काढली होती.

दूरच्या बेटांवरची गोष्ट आणखी वेगळी. शेटलंडच्या फेअर आइल किंवा फाउला बेटावरच्या मुलांना बारा वर्षांची झाली की लरविकच्या अँडरसन हायस्कूलला यायला लागतं. बोट किंवा छोटं विमान, आणि तिथल्या वसतिगृहात राहायचं, समुद्र खवळला तर शनिवार-रविवार पण घरी नाही. ती शाळा १८६२ ची, शेटलंडच्याच आर्थर अँडरसनने काढलेली, तोच पी अँड ओ बोट कंपनी सुरू करणाऱ्यांपैकी, जिच्या बोटींनी आपले किती लोक मुंबईहून विलायतेला गेले.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो डिसेंबर. एडिनबरात सकाळी पावणेनऊला सूर्य उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो, पोरं अंधारात जातात आणि अंधारात परत येतात. त्या दिवसांत पीटीच्या तासाला कवायत बंद करून सगळ्यांना स्कॉटिश नाच शिकवतात, "केली" (ceilidh) म्हणतात त्याला, गे गॉर्डन्स, डॅशिंग व्हाइट सार्जंट, स्ट्रिप द विलो. अख्खा एस वन जिममध्ये, मुलगे एका भिंतीला आणि मुली दुसऱ्या भिंतीला चिकटून, हात धरायची लाज, आणि मास्तर ओरडतोय की जोडीदार घ्या. ख्रिसमसच्या पार्टीला मात्र सगळे घामाघूम होऊन नाचत असतात, शाळेतलं पोर सोमालियाहून आलेलं असो, पोलंडहून असो की कोथरूडहून. आमच्याकडे गेल्या डिसेंबरला स्वयंपाकघरात स्ट्रिप द विलोची प्रॅक्टिस झाली, जोडीदार आजोबा, दोन महिन्यांसाठी सांगलीहून आलेले. त्यांना पायऱ्या लगेच जमल्या. गणपतीत लेझीम खेळलोय म्हणाले, आणि माझ्या लेकीला म्हणाले, तू फक्त हात घट्ट धर.